बेंझिनचं नाव

आई, दुरूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. बुटांना सोल चिकटवताना मास्क लावतो, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

चिकटवायच्या सोल्युशनमधलं बेंझिन म्हणजे काय, असं विचारलं होतंस. अरबी लोक एका सुगंधी डिंकाला ‘लुबान जावी’ म्हणत. युरोपात त्याचं बेंझोइन झालं, त्यावरून बेंझिन. तो डिंक म्हणजे आपला ऊद.

सहा वर्षांपूर्वी कारखान्यात शेजारच्या बाकावरच्या पैलवानाला हे मी हौसेने सांगितलं. “मग काय मास्तर, फुकटचा ऊद!” म्हणत त्याने मास्क काढला, तो कायमचाच. बेंझिन विषारी असतं हे मला ठाऊक होतं. मी नुसता हसलो.

परवा त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. त्याची बायको म्हणाली, “भावोजी, तुम्ही शिकलेले. ‘बरे व्हाल’ असं तुम्हीच सांगा त्यांना.”

सांगितलं. याही वेळी त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

तुझा,
धाकटा