घुमटाभोवती

२८ मे
विमानातून उतरलो तेव्हा उत्तर कॅनडातल्या बॅफिन बेटाच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन पडलं होतं, बर्फावर डोळे ठरेनात. रडारतळावर आम्ही तिघंच. कॅप्टन बूशे, मी, आणि स्वयंपाकाला लीतिया. ती माझ्या आईची चुलतबहीण निघाली. तिनं माशाचं गरम सूप वाढलं, वर टोमणाही, "जेपिटी, हंस नुसते बघायचा पगार मिळतो होय रे? आम्ही तर मारून खायचो!" आमच्या गावानं रडारला जागा दिली ती एका अटीवर: रानहंसांना त्रास झाला तर त्यांचा मोसम संपेपर्यंत ते बंद ठेवायचं. त्रास होतो का, हे बघायला मी. काम बरं आहे.

३ जून
हंस आले, पण उतरत नाहीत. रडारच्या पांढऱ्या घुमटाभोवती घिरट्या घालतात, सगळे डावीकडूनच. दमले की पडतात. दिवसभर मेलेले हंस उचलून पाठ मोडली. जखम कुठेच नाही, नुसती हाडं-कातडी उरलीत.

५ जून
कॅप्टनला अटीची आठवण करून दिली. झोपेविना त्याचेही डोळे लाल. म्हणाला, समुद्रावरचा बर्फ फुटायला लागलाय, परक्या पाणबुड्या किनाऱ्यापर्यंत येतात. आत्ता रडार बंद केलं आणि काही झालं तर जबाब कोण देणार? "तुझ्याच गावाची राखण करतोय ना, बाबा?" माझा भाऊ गावच्या किनाऱ्यावरच पहाऱ्याला असतो. थोडे दिवस थांबू, म्हणालो. भांडायला अंगात त्राणही नव्हतं.

९ जून
आता तळावरची कुत्रीही. घुमटाभोवती, डावीकडून. लीतियामावशीनं ओढत स्वयंपाकघरात आणली, तर तिथं टेबलाभोवती फिरू लागली. झोप नाही. पाय भरून आलेत.

१२ जून
मावशी बाहेर सापडली. घरातल्या सपातांवर, कुत्र्यांच्या मागे चालत. बांध मला, म्हणाली. खाटेला बांधलं. पाय अजून हलताहेत —

१३ जून
कॅप्टननं ऐकलं शेवटी. स्वतःच बंद करायला गेला. खिडकीतून दिसतोय — घुमटाचं दार आलं की कडीकडे हात नेतो, आणि पाय पुढे. पुन्हा दार. पुन्हा हात —

१४ जून
त्याला आणायला गेलो. एवढंच. चालता चालता लिहितोय, अक्षर — पायांत जीव नाही, तरी थांबत — कॅप्टन पुढे आहे. मान न वळवता म्हणाला, दार आलं की हाक मार, दोघं मिळून धरू. मारतोय हाक. प्रत्येक वेळी — आलं, कॅप्टन, धरा, ध