सलिल ड्युटीवर आहे

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी १०.४०
आजपासून ऑफिस सुरू. ठरलं होतं नऊला, पण पहिला दिवस मांडामांडीतच जातो. डायरीही आजपासून. पुढे कधी यशाचं रहस्य वगैरे विचारलं तर हाताशी असावी.

वडिलांची, म्हणजे नानांची, खालची खोली घेतली. वायफाय नीट पोचतं अशी घरात तेवढीच जागा, शिवाय खिडकी वाडीकडे, त्यामुळे पंखासुद्धा लागत नाही. नाना माडीवर गेले. वय एकोणऐंशी. पण जिना चढणं हा उत्तम व्यायाम आहे असं सगळेच डॉक्टर सांगतात. निवेदिता म्हणाली, एका डॉक्टरचं नाव सांग. बायको शाळेत शिकवत असल्यामुळे तिला घरातही उत्तराला पुरावा लागतो.

तिची अट: दसऱ्यापर्यंत मुदत. तोपर्यंत मला कायमचा क्लायंट मिळाला नाही तर खोली नानांना परत आणि मी ओटीवर. लगेच कबूल केलं. दसऱ्यापर्यंत क्लायंट आवरता आवरणार नाहीत.

शेजारचा येसाजी रिक्षा पुसता पुसता म्हणाला, पितरपाख चालू हाय, नवीन काय काढू नको. मी म्हटलं, माझे क्लायंट बंगळूरचे, त्यांना हे लागू नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
दिनक्रम पक्का केला. पाचला उठणे, समुद्रावर जाऊन येणे, सात ते एक सलग काम. तक्ता करून भिंतीला लावला. तक्ता सुरेख झाला. त्यातच एक वाजला.

११ सप्टेंबर, गुरुवार
घरी असणं आणि रिकामं असणं यात फरक आहे, हे नागावात कोणाच्या डोक्यात शिरत नाही. सकाळपासून गॅसवाला, मीटर बघणारा, दोन टुरिस्ट (रूम आहे का, एसी आहे का). मग समोरच्या दिपालीवहिनी. त्यांच्या सुनेचं पार्सल येणार होतं ते मी घ्यायचं, कारण तुम्ही काय, घरीच असता. पेणहून कुमुदचा फोन: दादा, तू घरीच आहेस तर नानांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे ने ना. बहीण असून तीही तेच.

मी नोकरी सोडून आठ महिने झाले. (मीच सोडली. कंपनीही त्याच मताची होती.) तेव्हापासून फ्रीलान्स. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन यांच्या खोक्यात मराठी सूचनांचं पुस्तक असतं, ते मी लिहितो. 'झाकण घट्ट बसवल्याशिवाय मिक्सर सुरू करू नये' हे वाक्य माझं आहे आणि ते आज लाखो घरांत आहे. लोक वाचत नाहीत, त्याला मी काय करू.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
तोडगा काढला. दाराच्या कडीला लाल पंचा म्हणजे मीटिंग चालू. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, घराला आग लागली तरच. तेजस्वी दहावीत आहे, तिने विचारलं की आग छोटी असेल तर काय करायचं. हल्ली मुलांना वडील म्हणजे गंमत वाटते.

नानांना मात्र एका वाक्यात समजलं. चौतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली त्यांनी. मस्टर, पाळ्या, भोंगा. ड्युटीवरच्या माणसाला घरच्यांनी हाक मारू नये हे त्यांचं पहिल्यापासूनचं. कुमुद झाल्याचा निरोप गेटवर दुपारीच येऊन पडला होता, तो त्यांना पाळी सुटल्यावर मिळाला, आणि त्यांना ते योग्यच वाटलं. आई हे शेवटपर्यंत ऐकवायची.

१६ सप्टेंबर, मंगळवार
नाना रोज सकाळी जिन्यावरून विचारतात, आज फर्स्ट की सेकंड. मी काहीतरी सांगतो. सुपारीचा व्यापारी आला होता, त्याला त्यांनी बाहेरच्या बाहेर सांगितलं, हळू बोला, सलिल ड्युटीवर आहे. मी आतून ऐकलं. बरं वाटलं. अख्ख्या घरात माझ्या कामाची कदर असलेला एकच माणूस, आणि तो नेमका वर राहतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मोठी बातमी. बंगळूरच्या एजन्सीतून निकेत नावाच्या कोऑर्डिनेटरचा फोन. आवाजावरून बावीस-तेवीसचा असेल, मला सर म्हणतो. एका मोठ्या अॅपचं सगळं मराठी करायचंय, दोन वर्षांचं काम. आधी सॅम्पल. दोन पानं, सोमवारपर्यंत. दोन पानं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. निवेदिताला सांगितलं, समज झालंच. ती म्हणाली, झालं की समजेन.

२४ सप्टेंबर, बुधवार
सॅम्पल आज पाठवलं. दोन दिवस उशीर, पण क्वालिटीला वेळ लागतो. शिवाय शनिवार-रविवार समोरच्या होमस्टेवाल्यांच्या स्पीकरमुळे डोकं चालत नाही, सोमवारी त्याचा थकवा, मंगळवारी खुर्ची करकरत होती तिला तेल दिलं.

तेजस्वी म्हणाली, बाबा, पंचा सकाळपासून आहे. मी म्हटलं, मीटिंगवर मीटिंग आहेत. ती म्हणाली, आतून घोरण्याचा आवाज येत होता. मी सांगितलं की तेव्हा मी म्यूटवर असतो. तांत्रिक गोष्टी तिला अजून कळत नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
नाना सोनं द्यायला खाली आले. भिंत धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. तिसऱ्या पायरीवर बसून राहिले, म्हणाले, इथूनच देतो. सगळ्यांनी तिथे जाऊन आपट्याची पानं घेतली.

जेवताना निवेदिताने खोलीचा विषय काढला. सणासुदीला. मी शांतपणे सांगितलं की निकेतचं अगदी हातातोंडाशी आलंय, दिवाळीपर्यंत थांबा. ती नानांकडे बघत राहिली. तर नानाच म्हणाले, राहू दे, त्याचं काम अडेल. हे त्यांचे शब्द, तारखेसह लिहून ठेवतोय. उगाच पुढे माझ्यावर आळ नको.

६ ऑक्टोबर, सोमवार
नानांचा गुडघा सुजलाय. जेवण तेजस्वी वर नेऊन देते. लोक काशीदला जाऊन याला रूम सर्व्हिस म्हणतात आणि फोटो काढतात. बाथरूम खाली आहे, तेवढ्यासाठी त्यांना उतरावं लागतं, हे मान्य. पण घर माझ्या आजोबांनी बांधलंय. मी नाही.

हल्ली ते पाणी कमी पितात म्हणे, उतरावं लागू नये म्हणून. निवेदिताने मला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर कुमुदला सांगितलं. एवढं होतं तर मला समोर येऊन सांगायचं. पंचा होता, हे कारण होऊ शकत नाही.

उद्या त्यांना डॉक्टरकडे नेणे. (नक्की.)

९ ऑक्टोबर, गुरुवार
डॉक्टरकडे जमलं नाही, कारण मनःस्थिती नाही. निकेतचं मेल. भाषांतर आता मशीन करणार, त्यांना फक्त तपासणारा हवाय. मी, ज्याने झाकणाचं वाक्य लिहिलं, तो मशीनचं उष्टं तपासणार. दीड पानी नकार लिहिला. मराठी भाषेची परंपरा, माणसाची प्रतिष्ठा, सगळं आलं त्यात. दोनदा मोठ्याने वाचला. पाठवून टाकला.

तीच तारीख, दुपारी ४
उत्तर आलं: ओके सर, ऑल द बेस्ट.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
मेल पाठवलं की मी तत्त्वतः तयार आहे. तत्त्वं माणसासाठी असतात. निकेतने मंगळवारी तीनचा कॉल ठेवला. या कॉलवर सगळं आहे. हा जमला की कायमचा क्लायंट, आणि मग खोलीचं बोलायला कोणाला तोंड राहणार नाही. नानांना जिन्याखालूनच सांगितलं, मंगळवारी मोठी मीटिंग. ते म्हणाले, सेकंड शिफ्ट का. मी हो म्हटलं. म्हणाले, त्या वेळात मी खाली उतरत नाही मग.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ५.१०
तीन ते चार निकेतबरोबर अत्यंत महत्त्वाचा कॉल झाला. छान झाला. सकारात्मक.

बाहेर आलो तर घरात चिटपाखरू नाही. दार सताड उघडं. वाडीत पंप चालू, पाणी पाटाबाहेर चाललेलं. जिन्यापाशी तांब्या पडलाय आणि सगळं ओलं. एक माणूस आत राबतोय आणि बाकीचे घर टाकून भटकायला गेलेत. चहासुद्धा मलाच करावा लागला.

५.४०
निवेदिताचा फोन. नाना जिन्यावरून पडले, सव्वातीनच्या सुमाराला. तेजस्वी नुकतीच शाळेतून आली होती, तिने आणि येसाजीने रिक्षात घालून त्यांना अलिबागला नेलं. मांडीचं हाड, खुब्यात. मला कोणीही सांगितलं नाही. स्वतःच्या घरात, वीस पावलांवर.

१५ ऑक्टोबर, बुधवार. हॉस्पिटल
ऑपरेशन परवा. तेजस्वी माझ्याशी बोलत नाही. मीच विचारलं, दार का नाही वाजवलंस. ती म्हणाली, पंचा होता. मी म्हटलं, अगं आग लागली तर वाजवायचं ठरलं होतं ना. ती उठून निवेदिताजवळ जाऊन बसली.

मग येसाजीने बाहेर नेऊन सांगितलं. तेजस्वी दारापर्यंत गेली होती. हात वर केला होता तिने. जिन्याच्या तळाशी पडलेल्या नानांनी तिला अडवलं. म्हणाले, बाबा ड्युटीवर आहे, हाक मारू नकोस, येसाजीला बोलाव. येसाजी म्हणाला, म्हातारा ओरडला पन न्हाय, त्याच्या खांद्यावरच्या पंच्याचं टोक तोंडात धरून पडला होता. मी दोनदा बोल्लो, सलिलला उठवतो, तर मलाच गप करतो. मी येसाजीला म्हटलं, उठवतो म्हणजे काय, मी कॉलवर होतो. तो म्हणाला, व्हय, आसशील. आणि रिक्षाकडे गेला.

नाना खाली का उतरले, हेही तेव्हाच कळलं. दुपारपासून कळ दाबून बसले होते. माझी मीटिंग संपायची वाट बघत. थांबवेना तेव्हा उतरले, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन.

१८ ऑक्टोबर, शनिवार
ऑपरेशन बरं झालं. घरी आलो, टेबल ओटीवर काढलं, नानांची कॉट खालच्या खोलीत लावली, चादर घातली. एकट्याने. पाठ भरून आली. निवेदिता डबा न्यायला आली, तिने खोली बघितली आणि डबा घेऊन गेली. भांडली असती तर निदान मला बोलता आलं असतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
कुमुद पेणहून आली आहे. रविवारी नाना तिच्याकडे जाणार, कायमचे. तिचा फ्लॅट तळमजल्यावर. मी म्हटलं, खोली तयार आहे, कॉट लावलीय. ती म्हणाली, दादा, दीड महिना होता तुझ्याकडे.

ओवाळलं नाही तिने. घरात आजारपण असलं की ओवाळत नाहीत, असं काही असेल. दिपालीवहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, असं काही नसतं.

२६ ऑक्टोबर, रविवार
हॉस्पिटलमधून नानांना घेऊन कुमुदची गाडी घराशी थांबली, कपड्यांची बॅग घ्यायला. ते उतरले नाहीत. उतरता येत नाही. पुढची सीट मागे पाडून बसले होते. बारीक दिसले. मी खिडकीशी वाकलो.

त्यांनी विचारलं, त्या दिवशी मीटिंगमध्ये व्यत्यय नाही ना आला माझ्यामुळे. मी म्हटलं, नाही. विचारलं, काम मिळालं. म्हटलं, हो. पर्मनंट? हो, पर्मनंट. त्यांनी माझा हात धरला, कुमुदकडे वळून म्हणाले, बघ, मी सांगत होतो तुम्हाला. मग मला म्हणाले, जा आता, खाडा करू नकोस. तेजस्वी बॅग ठेवायला मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि डिकी लावली.

गाडी गेली. निवेदिता आणि तेजस्वी आत गेल्या. मी खालच्या खोलीत येऊन नानांच्या कॉटवर बसलोय.

ही डायरी कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. चौदा तारखेला कॉल झाला नाही. निकेतचा अडीचलाच मेसेज आला होता की तपासायलाही आता माणूस नकोय. पंचा मी काढला नाही. काढला असता तर सगळ्यांना कारण सांगावं लागलं असतं. आडवा झालो, डोळा लागला.

आवाज मला आला होता. मोठा आला. वाटलं वाडीत नारळ पडला, उचलेल कोणीतरी. आणि मी कूस बदलली.