शिट्टीमागचा कचरा

लाखनी, शुक्रवार

चि. विनोद,

कचरा कोणाले म्हणतं रे तू? आशीर्वाद मंग देतो, आधी ह्याचं सांग. (बरं, देऊनच टाकतो. तुले आन माह्या भावजयीले, दामिनीले, आशीर्वाद. तुह्या गुडघ्याचं कसं आहे? टीनाच्या बाबायचा खोकला अजून गेला नाई. झाली चौकशी.)

पुण्यात बसून फोनवर हुकूम सोडाले काय जाते! म्हणे, ताई, तुह्या कपाटात ठेवलेल्या माह्या खेळण्यातल्या इंजिनाचं आवाजाचं कार्ड जुनं झालं, कधीबी मुकं होईन. ज्या कॅसेटवरून त्यात आवाज भरला ते तं बुरशीनं खाल्लीच, तुमसर रोड टेशनावरच्या कोळशाच्या गाडीची शिट्टी आता तेवढ्यातच उरली, तो आवाज काढून ठेव. आता काढून ठेव म्हटलं तं माणूस काय करन? मी पेचकस घेतला, इंजिन उपडं केलं आन ज्याच्यातून आवाज येते ते गोल चकती काढून ठेवली. नुसती ठेवली नाई, धुतल्या फडक्यात बांधून, कडुलिंबाचा पाला टाकून, तांदळाच्या डब्यात ठेवली. चवथी शिकलेल्या बाईनं याहून जास्त काय जपाव? फोनवर सांगितलं तं तू हासला, दामिनी हासली, आन तिची माय, जिले माहं नावबी धड घेता येत नाई, तेबी मांगून हासली. मले सगळं ऐकू आलं.

मंग गोपीचंदकडं गेली. (तोच, जो पंखे दुरुस्त करते आन सांगितल्या दिवशी कधीच देत नाई.) त्यानं तार जोडून चकती बसवली आन म्हणाला, बाई, इंजिन वाजवा, मोबाईल समोर धरा, झालं काम. पण त्याचं दुकान मोठ्या रोडावर. इंजिनानं तोंड उघडलं का ट्रकवाला हॉर्न दाबे. तीनदा वाजवलं, तीनदा ट्रक. चवथ्यांदा रोड मोकळा होता तं गोपीचंदच शिंकला.

घरी आली तं कोंबड्या. तवा मले ढोलीची आठवण झाली. धान ठेवाची बांबूची ढोली ह्या दिवसात रिकामीच असते, शेणानं लिपलेली, बाहेरचा गलका आत येत नाई. इंजिन आन मोबाईल पदरात घेऊन स्टुलावरून आत उतरली. काम एका दमात झालं, पण मंग निंघता येईना. टीनाचे बाबा घरभर "कुंता, वं कुंता" करत फिरून राहिले होते. मी आतून ओ देऊ तं त्यायले वाटे, बाई कुठं मातीत गेली का काय. शेवटी त्यायनं मलेच फोन लावला. ढोलीत घंटी वाजली तवा कुठं माणसाले समजलं.

इतकं करून आवाज पाठवला तं तुहं उत्तर काय? "मस्त ताई. शिट्टी एकदम साफ. मांगून कोणी बाई ओरडून राहिली तो कचरा काढून टाकतो, मंग आमच्या रेल्वेप्रेमी मंडळाच्या लोकायले पाठवतो."

कोणी बाई! अरे, इतके वर्षं इंजिन काचेमांगं ठेवलं, शिट्टी सरेपर्यंत कान देऊन मीबी कधी ऐकलं नव्हतं. ढोलीत ऐकलं. शिट्टी सरली का आपली माय म्हणते, "विन्या, मांगं सर रे पोरा, गाडी आली!" लहानपणी तू टेप धरून रुळाजवळ गेला होता आन ते तुले मांगं बलावून राहिली होती. मायचे फोटो दोन आहेत, आवाज हा एकच. ढोलीतून निंघाले मले येळ लागला, तो काही पुरा लठ्ठपणानं नाई.

तुही ताई,
कुंता

ता. क. — गोपीचंद म्हणते, कार्डावरचं लाल बटण दाबलं का जुना आवाज मिटते. मी त्याच्यावर चिकटपट्टी लावली. तुह्या बोटाचा भरोसा नाई, म्हणून इंजिन पाठवणार नाई.

आणखी एक, खरं काम हेच. मायचं तेवढं बोलणं मोबाईलची घंटी करून पाठव. फक्त तुहा फोन आला का वाजाव. तसाही तू कधीमधी करतं, तं मायले जास्त ओरडा लागणार नाई. साफच कराचं असन तं शिट्टी काढ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सायंकाळपर्यंत मले "हो" पाह्यजे. दुसरं काही लिहू नको.