साबण, सापुन

रियाध, जानेवारी १९९१

बरी चाललेली नोकरी सोडून माणूस राजकारणात का जातो? वरच्या मजल्यावरचे बोस्नियाचे प्रोफेसर गेल्या उन्हाळ्यात निवडणूक लढवायला मायदेशी गेले. पुस्तकं लिहिणारा माणूस!

जिन्यात भेटले की आमचा शब्दांचा खेळ चाले. मी ‘साबण’ म्हटलं की त्यांचं ‘सापुन’, माझं ‘दुकान’ तर त्यांचं ‘दुचान’. किती हसायचो! ‘दुश्मन’ मात्र तिकडेही दुश्मनच निघाला, तेव्हा ते हसले नाहीत. मी इमारतीतल्या मुलांना मराठी शिकवते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, “हा शब्द मुलांना सगळ्यात शेवटी शिकव.”

आज त्यांची फार आठवण आली. युद्धामुळे खिडक्यांना चिकटपट्ट्या, शाळा बंद. अब्बा म्हणाले, “जेद्दाहून विमान मिळतंय, तू गावाला जा.”

“इमारतीतल्या आपल्या मुलांना कोण शिकवणार?”

“अगो, बी.ए. झालीस म्हणून बॉम्ब तुला विचारून पडणार काय?”

हसू आलं, पण भीती आहेच. प्रोफेसरांनाही जाताना वाटली असेल का?

संध्याकाळी मुलांना आमच्याच खोलीत बसवलं. अब्बा दारात उभे होते. मी पहिला शब्द शिकवला. साबण.