बारा व्होल्टचा भिकार माल

सोमवार, ३ फेब्रुवारी
सकाळी सात. नेट मेलं. राउटरचा एकही दिवा लागत नाही. रात्री चालू होता, आता काळाठिक्कर. हल्ली वस्तू कोणी बनवत नाही, नुसत्या विकतात. लाज म्हणून नाही.

बायकोचा ऑनलाइन इंटरव्ह्यू शुक्रवारी, १४ तारखेला, अकरा वाजता. मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबचं प्रमुखपद. गाव दुसरं, गाडीने पाच तास. माझा पूर्ण पाठिंबा आहे. तसं तिला सांगितलंही, एकदा.

ती म्हणाली, मेकॅनिक बोलाव. मी म्हटलं, मेकॅनिक या घरात पाऊल टाकणार नाही. मागचा बुटांसकट सोफ्यावर चढला होता आणि वायरीसाठी भिंतीला भोक पाडलं ते तिरकं. पंपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे मी. दिवसभर लोकांचा माल नापास करतो. एवढंसं डबडं मला आवरणार नाही?

संकल्प: उद्या संध्याकाळपर्यंत नेट.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
निदान झालं. राउटरचा अडॅप्टर गेलाय.

कारखान्यातली पद्धत साधी. एक मास्टर गेज असतो. त्याच्यावर कोणी शंका घ्यायची नाही. बाकी सगळा माल त्याच्यावर तपासायचा. टिकला तर पास, नाहीतर भंगार. घरातही तेच हवं. माळ्यावरचा खोका उपसला (धूळ, झुरळांचे पंख, शी) आणि मेलेल्या प्रिंटरचा अडॅप्टर काढला. विटेसारखा जड. पिन अचूक बसते. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय, यावर २४. म्हणजे दर्जा सरळ दुप्पट. हाच मास्टर.

लावला. राउटरचे दिवे असे लखलखले की बायको बघतच राहिली. मग वास आला. मग दिवे गेले.

निष्कर्ष: राउटरही आतून सडकाच होता. चांगलंचुंगलं पचलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
नवा राउटर आणला. वापरण्याआधी तपासणी, हा नियम. मास्टर लावला. फट्. नवाकोरा माल आणि पहिल्याच चाचणीत नापास! दुकानात नेऊन काउंटरवर आपटला. दुकानदाराने बदलून दिला, आणि वर मलाच विचारतो की खोक्यात आलेला अडॅप्टर लावला होता ना. मी म्हटलं, ज्याचा माल त्याच्याच मापाने तपासायचा, तर मग इन्स्पेक्टर कशाला हवा?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
दुसराही नापास. एकाच लॉटचा असणार. दुकानदार आता फोन उचलत नाही. चोराच्या मनात चांदणं.

रविवार, ९ फेब्रुवारी
सुट्टी. घरातलं अख्खं नेटवर्क मुळापासून तपासायला घेतलं. टीव्हीमागचा स्विच, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांत वायरी जातात ती डबी: नापास. दारावरचा कॅमेरा: नापास, धुरासकट. सासूबाईंचा सेट-टॉप बॉक्स तपासताना टक्कन वाजला आणि कायमचा गप्प झाला. इतकी वर्षं आम्ही कचऱ्यावर जगत होतो. शिसारी आली.

सासूबाईंच्या मालिकेत आज कोणाचं तरी लग्न होतं. त्या म्हणाल्या, जावईबापू, बॉक्स चालत होता हो. मी म्हटलं, चालत होता, पण चांगला नव्हता. त्यांनी पाठ फिरवली. त्यांना हा फरक कळायचा नाही.

मग स्वयंपाकघरातून ऐकू आलं की नाचता येईना अंगण वाकडं. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. बहुतेक मालिकेतल्या कोणाला तरी.

बुधवार, १२ फेब्रुवारी
मेहुण्याचा फोन. उंटावरून शेळ्या हाकतो. म्हणे भाऊजी, त्या जुन्या अडॅप्टरचे व्होल्ट एकदा बघा. मी म्हटलं, बघूनच निवडलाय. त्याने बरं म्हणून फोन ठेवला. पटलं असावं.

बायको हल्ली लॅपटॉप उशाशी घेऊन झोपते. विचारलं, तर म्हणाली सहज. त्या लॅपटॉपची तपासणी राहिलीच आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
बायकोने जाहीर केलं की इंटरव्ह्यू शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून देणार. असा पाणउतारा आजवर झाला नव्हता. घरात इन्स्पेक्टर बसलाय आणि नेट उसनं! आणि ते कोणाकडून, तर जिच्याकडे खुर्चीपासून घड्याळापर्यंत सगळं पांढरं प्लास्टिक. मी शब्द दिला की उद्या नऊच्या आत घरातलं नेट चालू. ती बरं म्हणाली. मग इस्त्रीचे कपडे आणि लॅपटॉप आजच शेजारी नेऊन ठेवले.

दुसऱ्या दुकानातून तिसरा राउटर आणला. आता हार नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सकाळी नऊ. तिसराही नापास. सगळा धंदाच नासलाय.

अकरा. भिंतीला कान लावला नव्हता, नुसता भिंतीशी उभा होतो. ती बोलत होती. न अडखळता, एकसारखी. मधेच हसली. घरी एवढं मोकळं हसल्याचं आठवत नाही. इतकी पातळ भिंत पास केली कोणी?

शनिवार, २२ फेब्रुवारी
बायकोला नोकरी मिळाली. मला आनंदच आहे. त्या गावचं पाणी खराब, एवढंच म्हटलं. हवेबद्दल तर बोललोसुद्धा नाही.

तिथे राहायला जागा मिळणार. सासूबाई तिच्याबरोबर जाणार. कारण विचारलं, तर म्हणाल्या तिकडे टीव्ही लागतो. मी कुठे राहायचं हा विषय निघाला नाही. माझा कारखाना इथे आहे, म्हणून असेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
दोघी गेल्या. रिक्षा दाराशी उभी असताना बायकोने एका हाताने बॅग धरून दुसऱ्या हाताने चौथा राउटर लावला. कधी आणला होता देव जाणे. त्याच्या खोक्यातल्याच पिसाएवढ्या अडॅप्टरवर लावला. लागला. मी म्हटलं, असला माल आठवडाभरही टिकायचा नाही. ती म्हणाली, तू हात लावला नाहीस तर टिकेल.

संध्याकाळी हात लावायला गेलो. मास्टर सापडला नाही. फोनवर विचारलं, तर म्हणाली माझ्या बॅगेत आहे.

रविवार, ९ मार्च
नेट चालू आहे. एकदाही गेलं नाही. कारखान्यातून येतो आणि त्या हिरव्या दिव्यांकडे बघत जेवतो. मिटमिट मिटमिट. संताप येतो.

आज बायकोचा व्हिडिओ कॉल आला. चित्र इतकं स्वच्छ की मागे सासूबाई बघत होत्या ती मालिकासुद्धा दिसली. ती म्हणाली, दिसतेय का नीट? मी म्हटलं, हो. जेवलास का? हो. मग दोघांनाही काही सुचेना. इतकी वर्षं काय बोलत होतो आठवून पाहिलं. ती सांगायची काय बिघडलंय, आणि मी सांगायचो कोणाच्या चुकीने. आता काहीच बिघडलेलं नव्हतं.

मी म्हटलं, तुझा आवाज तुटतोय.

तुटत नव्हता.

ती म्हणाली, मग राहू दे, पुढच्या रविवारी बोलू. आणि कॉल ठेवला.