पहिले माही चूक

बाबा, काल तुमच्या जुन्या मैदानावर जाऊन आले. कामठीला सरकारी गाडीतून गेले, ऐटीत. तुम्ही असता तर ‘बापाले कधी बसवलं नाही थ्या गाडीत’ म्हणून दिवसभर चिडवलं असतं. मैदान तेच आहे. कडुनिंबाभोवती सिमेंटचा ओटा झालाय आणि दोरांचे लाकडी खांब जाऊन लोखंडी आलेत. ओट्यावर पंचवीस-तीस उस्ताद बसले होते, तुमच्यासारखेच, गळ्यात शिट्टी आणि आवाज कायमचा बसलेला. चार देशांच्या फौजांनी मिळून जो सराव केला त्यातून आम्ही काय शिकलो, ते मला त्यांना सांगायचं होतं. कागद तयार होता. पण उभी राहिले आणि तोंडून पहिलं वाक्य तुमचंच निघालं. म्हणून आज सकाळी चहा घेऊन लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, उत्तराची घाई नाही.

लोकांना उस्ताद म्हटलं की तबला-सतार आठवते. आपल्या घरी उस्ताद म्हणजे रंगरुटांना दोरावरून नाले ओलांडायला शिकवणारा हवालदार. सराव संपला की तुम्ही पोरांना कडुनिंबाखाली गोल बसवायचात, टोपी काढून मांडीवर ठेवायचात आणि म्हणायचात, “पहले मेरी गलती सुनो.” मग स्वतःची एक चूक सांगायची, खरीखुरी, त्याच दिवसाची. त्यानंतर पोरांची भीड चेपायची आणि एकेक जण बोलायचा. हीच पद्धत तुम्ही रविवारी घरीही चालवायचात. समोर तर्री-पोह्यांची ताटली, आणि तुमचं सुरू, “पहिले माही चूक. काल मी तुह्या आईले भाजी आणतो म्हटलं अन् विसरलो.” आई झारा हलवत म्हणायची, “तुमच्या चुका ऐकत बसलो तं पोहे थंडे होतीन.” माझी पाळी आली की मी नेहमी लहानशी चूक निवडायची, पेन्सिल हरवली वगैरे. मोठी चूक सांगायची हिंमत नव्हती आणि तुम्ही ती कधी उकरूनही काढली नाही.

एकदा मी अंगणात कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तासाभरात सगळे ओले कपडे, तुमच्या गणवेशासकट, चिखलात. मी म्हटलं, वारा फार होता. तुम्ही ओरडला नाहीत. चिखलाची पँट हातात धरून विचारलंत, “वाऱ्याले काहून मधात आणतं वं? गाठ कोणं बांधली?” मला इतका राग आला की मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रेनिंग सेंटरमधून टाकाऊ दोराचा हातभर तुकडा आणलात आणि खाटेच्या पायाला तो बांधायला-सोडायला शिकवलंत. बांधून झालं की दोन्ही हातांनी ओढून पाहायचं, हे शंभरदा. मैत्रिणींना वाढदिवसाला बाहुल्या मिळायच्या आणि मला दोर मिळाला. तो अजून माझ्याकडे आहे.

आणि मग तो दिवस. मी आठवीत आहे. आई तिच्या बहिणीकडे रामटेकला गेलेली. सकाळी माझं पोट दुखतंय म्हणून मी गुडघे पोटाशी घेऊन रडतेय आणि तुम्ही बुटांची लेस अर्धवट बांधून मला सायकलवर बसवता, छावणीच्या दवाखान्यात नेता. डॉक्टर गुलाबी औषध देतात. मला शेजारच्या काकूंकडे सोडून तुम्ही सायकल दामटत मैदानावर जाता, अर्धा तास उशिरा. दोर आधीच ताणून झालेला, पहिला रंगरूट चढायला उभा. रोज पहिला माणूस चढण्याआधी तुम्ही प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहायचात. त्या दिवशी नुसती मान हलवलीत. गाठ सुटली, पोरगा खाली आला आणि त्याचं मनगट मोडलं. ते नंतर नीट जुळलं, पण तुम्ही त्याला भेटायला रोज दवाखान्यात जात होतात.

चौकशी झाली. तुमचे साहेब तुमच्या बाजूचे होते. दोर जुना झाला होता असं लिहू आणि विषय मिटवू, असं त्यांनीच सुचवलं. नायब सुभेदारीची तुमची पाळी अगदी तोंडावर आली होती. आणि तुम्ही म्हणालात, “दोर ठीक था साहब, गाँठ मैंने नहीं देखी.” उशीर का झाला, हे विचारल्यावर ‘घर का काम था’ एवढंच. बढती राहिली ती राहिलीच, तुम्ही हवालदार म्हणूनच निवृत्त झालात. आई आठवडाभर भांडी आपटत होती. आणि मी? मी तर तुमच्यावर ओरडले, “काहून सांगितलं तुम्ही? कोणं इचारलं होतं?” तुम्ही बुटांना पॉलिश करत होतात. ब्रश थांबवून म्हणालात, “दोर खराब म्हटलं असतं तं नवा दोर आला असता. गाठ तशीच राहिली असती वं.” मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला ते शहाणपण वगैरे काही वाटलं नव्हतं, नुसता हट्ट वाटला होता.

आता माझं ऐका. यंदाच्या सरावात पुरात अडकलेल्या गावाला मदत पोचवायची होती, चार देशांच्या तुकड्यांनी मिळून. नदीवर दोर टाकायचा आणि त्याला धरून शिध्याची होडी पलीकडे न्यायची. या काठाची गाठ आमच्या जवानांनी बांधली, पलीकडची पाहुण्यांनी. आपल्याकडे वरिष्ठ शेवटचा हात लावतो. त्यांच्याकडे जो बांधतो तोच तपासतो, दुसरा बोट लावत नाही. मी पलीकडे गेले तेव्हा त्यांची गाठ माझ्या हाताशी होती. गाठीबाहेर उरलेलं दोराचं टोक डोळ्यांना जरा आखूड वाटलं. पण पाहुण्यांच्या गाठीला हिसका कसा द्यायचा? समोर त्यांचा एक उंच मेजर हसत उभा. घरी आलेल्या माणसाच्या ताटातलं मीठ चाखून पाहिल्यासारखं वाटलं मला. मी ‘फार छान’ म्हणून परत आले. पुढच्या दहा मिनिटांत गाठ सुटली, होडी आडवी झाली, शिध्याच्या पेट्या वाहून गेल्या आणि दोन जवान गळ्यापर्यंत पाण्यात. जीवरक्षक जाकिटं होती, कोणाला खरचटलंही नाही. पण खरा पूर असता आणि होडीत पेट्यांऐवजी लेकरं असती तर, हा विचार काही केल्या जात नव्हता.

संध्याकाळी माझे वरिष्ठ म्हणाले, “लिहा, ओला झाल्यामुळे दोर सैल पडला. पाहुण्यांची अब्रू राहील, आपलीही राहील. आणि या महिन्यात तुमच्या बढतीसाठी बोर्ड बसतंय, ते विसरू नका.” माणूस वाईट नाही, बाबा, माझं भलंच पाहत होता. मी तंबूत जाऊन तसं लिहिलंसुद्धा. ‘दोर सैल पडला.’ वाचलं आणि अंगणातला वारा आठवला, चिखलाची पँट आठवली. पान फाडून टाकलं. दुसऱ्या सकाळी चारही देशांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसले. इकडून तिकडून कौतुक चाललं होतं, सगळं कसं सुरळीत झालं. मी उभी राहिले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, आधी माझी चूक सांगते. गाठीचं टोक आखूड दिसलं होतं, मी गाठ ओढून पाहिली नाही, कारण मला तुमची भीड वाटली.

माझ्या वरिष्ठांनी चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं, गेलं बोर्ड. मग तो उंच मेजर उठला. त्यानंही टोपी काढली, बहुतेक आमचा तसा रिवाज असावा असं समजून. म्हणाला, माझ्या जवानाला स्वतःलाच त्या गाठीची शंका होती. पण यजमानांना थांबायला सांगून सगळ्यांचा खोळंबा कसा करायचा म्हणून तो गप्प बसला. त्यानंतर तिसरा बोलला, मग चौथा. टोप्यांचा ढीग झाला टेबलावर. दीड तासात जेवढं कळलं तेवढं पंधरा दिवसांच्या सरावात कळलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी मिळून एक नियम लिहिला. प्रत्येक गाठ दुसऱ्या देशाच्या माणसानं, बांधणाऱ्याच्या समोर, दोन्ही हातांनी ओढायची आणि त्यात कोणी अपमान मानायचा नाही. माझे वरिष्ठ बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, “हे कुठून शिकलात?” मी म्हटलं, घरी, पोहे खाताना.

काल हेच त्या उस्तादांना सांगितलं. एक जण म्हणाला, “मॅडम, हे तं आम्ही आधीपासून करून राहिलो. टोपी काढाची, पहिले उस्तादाची चूक. कोणं सुरू केलं, मालूम नाही.” मला मालूम होतं. पण बोलले असते तर रडू फुटलं असतं. मी आता लेफ्टनंट कर्नल, आणि वर्दीतल्या माणसानं मैदानावर रडायचं नसतं असं तुम्हीच बजावलेलं. बढतीची यादी अजून लागायची आहे. खरं सांगते, झोप छान लागते. नागपूरच्या फ्लॅटमध्ये आई मजेत आहे, आता तीच रविवारी विचारते, “सांग वं, तुही चूक कोणती?”

हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी घालून तुमच्या त्या दोराच्या तुकड्याखाली ठेवीन. फक्त एक राहिलं. परदेशी अधिकाऱ्यांसमोर बोलले, उस्तादांसमोर बोलले, पण तुमच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही. तुमच्या पद्धतीनं हे पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं आणि मी ते शेवटाला ढकलत आणलं. त्या दिवशी शाळेत गणिताचा पेपर होता, बाबा. माझं पोट दुखत नव्हतं.