मारताबाईनं काढलेला आपला अबोला

आधी आली ती चंदनबाई, समोरचं आपलं दुकान तसंच उघडं टाकून, धापा टाकत, ‘अक्का, तुमची अमेरिकावाली आली, संगती एक परदेशी बाई आहे!’ म्हणत. पण थांब, आधी रीतीचं लिहिते. सौ. धुरपदाबाईला सोनगीरहून थोरल्या जावेचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? दोंडाईच्याला पाणी येतं का? (आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेली नाही. कुमुदच्या लग्नात मी तुझ्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांना चामडं म्हटलं तेव्हापासूनचं. पण हे लिहिणं आहे, बोलणं नाही. तेव्हा अबोला मोडला असं धरू नकोस.)

तर कुमुद आली. नातीला बघून मला इतका आनंद झाला की पिठाच्या हातांनीच तिचं तोंड धरलं, पोर अर्धी पांढरी झाली. मागून ती बाई. रंगानं आपल्यासारखीच गव्हाळ, मला वाटलं भुसावळची असेल. नाव विचारलं तर म्हणे मार्ता. ही मारते की काय म्हणून मी दोन पावलं मागे सरले. ती वाकून पाया पडली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, अबोला!

समुद्रापलीकडच्या बाईला आपल्या घरातलं कसं कळलं? तेवढ्यात तिनं पिशवीतून पोरांचं चित्रांचं पुस्तक काढलं. वर एक म्हातारी, अंबाडा माझ्यासारखा, नाक तुझ्यासारखं. बोट एकदा चित्रावर, एकदा माझ्यावर, अबोला, अबोला. चंदनबाई कानाशी लागली, ‘अक्का, तुमचं तर छापूनच आलं की!’ वाटलं, तिकडची पोरं वाचत असतील, सोनगीरची एक म्हातारी धाकट्या जावेशी बोलत नाही म्हणून. आता ही नात लाजेनं पुन्हा या दारात यायची नाही. म्हणून मी नुसते कुळथाचे शेंगोळे वाढत राहिले. ती अबोला म्हणे, मी वाढे. बिचारी किती खाऊन बसली! (त्या शब्दानं वाढतात असं तिला वाटलं म्हणे.)

शेवटी कुमुद हसून हसून लोळली. ‘माय वं आजी, त्यास्नी भाषामा आजीले अबुएला म्हनतस!’ स्पॅनिश भाषा आहे ती. दोघी तिकडे पोरांच्या वाचनालयात कामाला आहेत. मेक्सिकोहून आलेल्या लोकांसाठी तिथं स्पॅनिश पुस्तकांची एक अख्खी भिंत आहे, पोरांनी आजीची भाषा विसरू नये म्हणून. (आपल्याकडे धुळ्याच्या वाचनालयात अहिराणीची फळी मागितली तर हसतील.) शनिवारी दोघी शेजारी बसतात, एकच गोष्ट कुमुद इंग्रजीत सांगते, मारताबाई स्पॅनिशमध्ये.

ऐकून जीव भांड्यात पडला, पण पडल्या पडल्या पुन्हा उडाला. कारण कुमुदनं तिला सांगून ठेवलंय, आमच्याकडेही दोन आज्या मिळून गोष्ट सांगत, झुंबर आजी शेळी व्हायची, धुरपदा आजी कोल्हा. ती गोष्ट त्यांना टेपमध्ये भरून तिकडे न्यायची आहे. दोघींची. ‘धुरपदा आजी कथी शे?’ तू कुठं आहेस म्हणून पोरीनं विचारलं आणि मी घाबरून म्हटलं, ‘शे ना, आमनं तर रोज बोलनं व्हस.’ तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आता पोरीसमोर खोटी पडले तर?

घरात बाकी सगळे खुशाल. लहानांना पापा.
झुंबरबाई

ता. क. ती गोष्ट एकटीनं करून बघितली. कोल्ह्याचा आवाज काढला तर चंदनबाई बादली टाकून पळाली.

ता. क. दुसरा. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. कोल्हा शेळीशी बोलेल, तेवढं पुरे. त्यात कुणाचं नाक खाली होत नाही.

ता. क. तिसरा. पण गोष्टीत कोल्हा आधी हाक मारतो, हे ध्यानात ठेव. मी आधी बोलायची नाही. कुमुद आणि मारताबाई रविवारी सकाळी टेप घेऊन येतो म्हणाल्यात.